आमची वाटचाल : पसरणी घाटाच्या पायथ्याशी

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. अंतर फार नाही, बारा-तेरा किलोमीटर. पण मे महिन्यात वर वाहनांची रांग लागली की बाहेरून आलेले चालक चढावर हॅण्डब्रेक न ओढता गाडी हाफ क्लचवर धरून ठेवतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यातली एखादी जळका वास घेऊन आमच्या दारात येते. १९९७ साली आम्ही गॅरेज टाकलं ते याच रस्त्याला. पत्र्याची शेड, एक खड्डा, एक जॅक आणि पान्यांची पेटी, एवढंच भांडवल होतं.

आमचे अण्णा एसटीत चालक होते. निवृत्तीनंतर ते शेडमध्ये स्टुलावर बसायचे. ‘पिकअप नाही’ म्हणत गिऱ्हाईक आलं की मी लगेच पाना उचलायचो. अण्णा विचारायचे, "इंजिन ओरडतंय का गप्प आहे?" सगळं निदान इथूनच सुरू होतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही, तर क्लच स्लिप होतोय, म्हणजे त्याची प्लेट घसरतेय आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही. इंजिनच चढत नसेल तर एअर फिल्टर, डिझेल, टर्बोचा पाइप इकडे बघायचं. आणि ब्रेक धरून राहिला असेल तर थोडं चालवून आल्यावर चाकाजवळ हात नेताच चटका जाणवतो. हे न बघता गिअरबॉक्स उतरवला तर गिऱ्हाइकाचा पैसा आणि आमचा दिवस दोन्ही फुकट.

आमच्या व्यवसायाला खरं वळण लागलं ते आमच्याच चुकीमुळे. दुसऱ्या वर्षी पाचगणीची एक टॅक्सी आली, टाटा सुमो. क्लच उघडच स्लिप होत होता. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळा सेट नवीन टाकला. दोन महिन्यांत गाडी परत आली, तोच वास, तीच तक्रार. मालक भला माणूस, म्हणाला, "मिस्त्री, हप्ता तुंबलाय, एवढं बघा." तेव्हा आमच्याकडे गिअरबॉक्सचा ट्रॉली जॅक नव्हता. खड्ड्यात दोघांनी छातीवर पेलून बॉक्स उतरवला. नवी प्लेट तेलाने ओली! बोटाला लावून वास घेतला. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, तो नव्हता. म्हणजे तेल इंजिनाचं, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या ऑईल सीलमधून आलेलं. पहिल्या वेळी बेल हाउसिंगमधला, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचातला, ओलावा मी डोळ्यांनी बघितला होता आणि फडक्याने पुसून टाकला होता. सील बदललं, दुसरा सेट आमच्या खर्चाने टाकला, मजुरी घेतली नाही. त्या महिन्यात घरात ओढाताण झाली, पण त्या मालकाने पाचगणीतल्या आणखी टॅक्सीवाल्यांना आमच्याकडे धाडलं.

तेव्हापासून आमच्याकडे एक शिरस्ता आहे : कारण सापडल्याशिवाय बॉक्स उतरवायचा नाही, आणि बॉक्स उतरल्यावर सील बघितल्याशिवाय प्लेट चढवायची नाही.

मारुती ८०० आणि ओम्नीच्या काळात तर कित्येकदा बॉक्सला हातच लावावा लागला नाही. क्लच वायरवर चालायचा. प्लेट झिजत गेली की पेडलचं मोकळं अंतर संपतं, वायर कायम ताणलेली राहते आणि चांगली प्लेटही घसरायला लागते. नट सैल करून पेडल साधारण दोन सेंटीमीटर मोकळं केलं की गाडी वेळेवर दाखवणारा माणूस हसत घरी जायचा. हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचमध्ये वेगळी गंमत. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचं परतीचं भोक कचऱ्याने बुजलं तर ऑईल मागे येत नाही आणि पाय काढला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो. अशा वेळी गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीडर (ऑईल सोडायचा स्क्रू) क्षणभर सैल करून बघायचा. दाब सुटल्यावर घसरणं थांबलं, तर दोष प्लेटचा नाही.

शंका राहिलीच तर सपाट जागेवर हॅण्डब्रेक ओढायचा, चाकांना दगडाची ओट लावायची, समोर कोणी नाही हे बघायचं, तिसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. धड क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. बंद न पडता फिरत राहिलं तर ताबडतोब क्लच दाबायचा. ही परीक्षा एकदाच. हौसेने चार वेळा करणारे बघितलेत. उरलीसुरली प्लेट तिथेच जळते.

फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लचची प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकावर, मात्र मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो. निळे-जांभळे डाग आणि बारीक चिरा दिसत असताना त्यावर नवी प्लेट लावली तर क्लच सोडताना गाडी थरथरते. फेस मारून (पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून) आणायला एक दिवस जास्त जातो, जाऊ दे. चिरा खोल असतील तर फ्लायव्हील बदलायचं. प्लेट मधोमध बसवायला आम्ही गिअरबॉक्सच्या जुन्या इनपुट शाफ्टचा डमी करून ठेवलाय. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळतो. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस बोटभर नाही, नखभर. आणि आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं. आम्ही कित्येक वर्षं ती धूळ हवेने उडवली, आता ओल्या फडक्याने पुसतो. पोरांच्या छातीचा प्रश्न आहे.

आज दोन खड्डे, एक लिफ्ट आणि चार पोरं आहेत. त्यातली दोन आयटीआय करून आलेली. पुतणी हिशेब बघते आणि उघडलेल्या क्लचचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवते. जुना सेट खोक्यात घालून परत देण्याची पद्धत तिनेच लावली. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटीत, म्हणजे क्लच-गिअर आपोआप चालणाऱ्या प्रकारात, आली तेव्हा क्लचचं पेडलच गेलं म्हणून मी धास्तावलो होतो. पण एएमटीच्या आतही तीच प्लेट असते, फक्त पायाऐवजी दाबायचं काम ॲक्च्युएटर नावाचा भाग करतो. प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीला नवा क्लच ‘शिकवावा’ लागतो. ते काम पुतणी करते. मी शेजारी उभा राहून इंजिन ऐकतो, आणि मग दोघं मिळून गाडी घाटात नेऊन आणतो.