बुधवार जपून ठेवायचा तर

परदेशातल्या नातवंडांचे जे फोटो तुमच्या मोबाइलवर येऊन पडतात ते बहुतेक वाढदिवसाचे, सहलीचे, शाळेच्या पहिल्या दिवसाचे असतात. मधल्या एखाद्या बुधवारचा त्यात एकही नसतो. धाकट्याचा एक बूट सापडत नाहीये, थोरला दाराशी उभा राहून उशीर झाल्याचं ओरडून सांगतोय, आत नळ चालूच राहिलाय. ही सकाळ चार-पाच वर्षं जवळजवळ रोज घडते आणि कुणी टिपत नाही, कारण ती उद्याही होणारच असते. मग एका वर्षी ती होत नाही. भारतात घर, वाडा, शेजारी, काका-मावश्या यांच्या बोलण्यातून मुलांचं लहानपण आपोआप फिरत राहतं. परदेशात भाड्याचं घर दोन-तीन वर्षांत बदलतं, शेजारीही बदलतात. त्या सकाळचे साक्षीदार म्हणजे आईबाबा आणि दोन मुलगे, आणि त्यातल्या दोघांना ती आठवणार नाही. परदेशात दोन मुलगे वाढवणाऱ्या घराने असे साधे दिवस कसे जपावेत, ते इथे सांगितलं आहे.

मोठ्या माणसांना सांगता येणारी सर्वांत जुनी आठवण सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. पण लहान मुलांना तेव्हा काहीच आठवत नसतं असं नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया बॉअर आणि मरीना लार्किना यांनी मुलं ३ वर्षांची असताना त्यांच्या आईशी झालेल्या गप्पा नोंदवल्या आणि पुढे वेगवेगळ्या वयात त्याच प्रसंगांबद्दल विचारलं. ५ ते ७ वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. ८-९ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहूनही कमी. म्हणजे आठवण असते, आणि प्राथमिक शाळेच्या वर्षांत ती हातातून निसटते. थोरला सहा वर्षांचा असताना जुन्या घरातल्या खिडकीबद्दल खडान्‌खडा सांगतो, म्हणून ते त्याच्याजवळ कायमचं राहील असं धरून चालू नये. तो सांगतोय तेव्हाच लिहून घ्यावं.

घरात मागच्या गोष्टींबद्दल बोलायची रीत कशी आहे, यावर बरंच अवलंबून असतं. मानसशास्त्रज्ञ रॉबिन फायवुश आणि इलेन रीस यांचं बरंचसं काम यावरच आहे. न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या प्रौढांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांची निघाली, इतर गटांपेक्षा बरीच आधीची. आणि गतकाळाबद्दल सविस्तर बोलणं ही त्या समाजाची जुनी सवय आहे. घरी करायचं ते सोपं आहे. ‘आज मजा आली का?’ असं विचारलं की ‘हो’ येतं आणि तिथेच संपतं. ‘जिन्यात कोण भेटलं?’, ‘मग तू काय केलंस?’, ‘ते ओलं होतं का कोरडं?’ असे प्रश्न विचारावेत, आलेलं उत्तर एका वाक्याने वाढवावं आणि पुन्हा विचारावं. पाच मिनिटं पुरतात. दिवे मालवण्याआधीची वेळ चांगली.

दोन मुलगे असले की इथेच एक गोम असते. थोरला धाकट्याच्या वाट्याचं उत्तरही देऊन टाकतो, आणि काही महिन्यांनी धाकटा थोरल्याचीच आठवण स्वतःची म्हणून सांगू लागतो. म्हणून आधी धाकट्याला विचारावं, तोवर थोरल्याने ऐकायचं. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा दोघांशी वेगवेगळं बोलावं. दोघांनी एकच प्रसंग वेगळा सांगितला तर दोन्ही तसेच लिहावेत. खरं कोणाचं हे ठरवायला बसू नये.

फोटोंच्या मानाने आवाज फार कमी जपला जातो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संशोधक देब रॉय यांनी मुलाच्या जन्मापासून घराच्या छतात कॅमेरे आणि मायक्रोफोन बसवून सुमारे ९० हजार तासांचं चित्रीकरण जमवलं. २०११ मध्ये त्यांनी त्यातला एक तुकडा ऐकवला : ‘गागा’ म्हणणारं बाळ हळूहळू ‘वॉटर’ म्हणायला लागतं, सहा महिन्यांचा प्रवास चाळीस सेकंदांत. घरातल्या माणसांना एवढ्या पसाऱ्याची गरज नाही. आठवड्याला १० मिनिटं पुरेत. मोबाइलवरच्या साध्या रेकॉर्डरवर ६४ केबीपीएस या दर्जाने (सेकंदाला ६४ किलोबिट) केलं तर १० मिनिटांची फाइल पाच एमबीच्या आत बसते, वर्षभराचं सगळं मिळून सुमारे २५० एमबी.

मोबाइल टेबलावर नुसता ठेवला तर प्रत्येक कप आपटल्याचा धक्का आवाजात उतरतो. खाली घडी केलेला टॉवेल ठेवावा आणि मोबाइलचं तळाकडचं टोक, जिथे माइक असतो, ते मुलांकडे करावं. अंतर तीन-चार फूट. फ्रिज, पंखा, कपडे धुण्याचं यंत्र शेजारी नको. त्यांची घरघर आपल्या कानाला सवयीने ऐकू येत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये ती शब्दांवर बसते. फ्लाइट मोड लावावा, नाहीतर मध्येच आलेला फोन रेकॉर्डिंग थांबवतो. आणि सुरू करताच आपण मोठ्याने तारीख, ठिकाण, खोलीत कोण आहे आणि दोघांची वयं बोलावीत. हे फार महत्त्वाचं. सख्ख्या भावांचे तीन वर्षांच्या वयातले आवाज इतके सारखे असतात की दहा वर्षांनी आई-वडीलही गोंधळू शकतात. बोलताना मुलांना नावाने हाक मारावी. नुसतं ‘बाळा’, ‘राजा’ म्हटलं तर नंतर कोणता राजा ते कळत नाही.

काय टिपावं? गाणी आणि श्लोक तर सगळेच म्हणवून घेतात. त्यापेक्षा बाथरूमच्या दाराआडून चाललेली बडबड, खेळण्यातल्या गाड्यांना दिलेल्या सूचना, दोघांची भांडणं आणि रात्री दिवा मालवल्यावरची कुजबुज टिपावी. भांडणात मध्ये पडायच्या आधीचे तीस सेकंद मिळाले तरी पुष्कळ आहेत.

मराठीच्या दृष्टीने हे आणखी तातडीचं आहे. लहान मुलं ‘क’ला ‘त’ आणि ‘र’ला ‘ल’ म्हणतात, त्यामुळे काकाचा ताता होतो आणि रस्त्याचा लस्ता. हे जगात कुठेही होतं आणि आपोआप सुटतं. परदेशात वेगळं होतं ते शाळा सुरू झाल्यावर. नीट येऊ लागलेला ‘ळ’ पुन्हा ‘ल’कडे सरकतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘भ’ आणि ‘ध’ यांतला हकार पातळ होतो, आणि ‘त’-‘ट’ एकमेकांत मिसळतात. व्याकरणातही खुणा दिसतात. दिवसभर आईचंच मराठी कानावर पडणारा मुलगा ‘मी येते’, ‘मी जाते’ म्हणतो. धाकट्याच्या वेळी घरात थोरल्याचं ‘मी येतो’ आयतं असतं, म्हणून त्याच्या बोलण्यात ही पायरी कित्येकदा येतच नाही. ती थोरल्यापुरतीच, आणि थोडेच महिने. शिवाय शाळेची भाषा घरात आणतो तो थोरलाच. तो शाळेत रुळला की भाऊ आपापसात त्या भाषेत बोलू लागतात आणि मराठी फक्त आईबाबांशी उरतं. दोघं एकमेकांशी खेळताना मराठी बोलताहेत असं रेकॉर्डिंग हवं असेल तर ते थोरल्याच्या शाळेच्या पहिल्या वर्षाच्या आत करून घ्यावं.

लिहिताना देवनागरीतच लिहावं. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीत ‘ल’ होता की ‘ळ’, ‘त’ होता की ‘ट’, हे कळत नाही, आणि जपायचं असतं ते नेमकं तेच. मूल जसं म्हणालं तसंच, शुद्ध न करता. वहीत रोज एक ओळ पुरे, पण तिच्यात वेळ, जागा आणि बोललेले शब्द असावेत. ‘आज दोघांनी खूप धमाल केली’ या ओळीतून वर्षाने काहीही हाती लागत नाही. ‘सकाळी ७.२०, लिफ्टचं बटण कोणी दाबायचं यावरून रडारड. धाकटा म्हणाला, काल तू दाबलंस ना’, यात घर उभं राहतं. रोज जमलं नाही तर बुडालेले दिवस मागून भरायला बसू नये. वह्या बंद पडतात त्या बहुतेक या थकबाकीमुळे.

याखेरीज वर्षातून दोनदा एक अख्खा दिवस लिहावा. साधा, कामाचा, आठवड्याच्या मधला. रविवार निवडला की सगळं फसतं, कारण त्या दिवशी घर वेगळंच वागतं. उठल्यापासून झोपेपर्यंत घड्याळ लावून लिहायचं : कोण कोणाच्या अंथरुणात सापडलं, दात घासताना कोण कुठे उभं राहिलं, कोणता कप कोणाचा, गाडीत खिडकीची बाजू कोणाची, कोणत्या वाक्यावर रोजचं भांडण सुरू होतं. दीड-दोन पानं होतात.

घर सोडताना मात्र व्हिडिओच हवा, आणि सामान बांधायला काढण्याच्या आधी. आवरलेलं घर नको. पसारा हाच पुरावा. मोबाइल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून दारापासून सुरुवात करावी आणि चार-पाच मिनिटं हळूहळू फिरावं. त्या उंचीवरून ओटा म्हणजे भिंत असते, कुलपाची कडी डोक्याच्या वर असते. मुलांच्या मनात घर तसंच असतं. वाटेत कपाटं उघडावीत, दाराची कडी लावून काढावी, नळ सोडावा. तोंडाने वर्णन करू नये, आवाज येऊ द्यावेत.

उंचीच्या खुणा भाड्याच्या घराच्या चौकटीवर करता येत नाहीत, आणि केल्या तर सोबत नेता येत नाहीत. लाकडी पट्टी घ्यावी. प्रवासात मोडणार असेल तर न ताणणारी फायबरग्लासची शिलाईची टेप चालते. कापडी टेप वर्षांनुवर्षांत ताणली जाते आणि मुलगा घटल्यासारखा दिसतो. मोजताना पाय उघडे, टाचा भिंतीला, नजर समोर, आणि डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून वेळ ठरलेली असावी. दोन वर्षांखालच्या बाळाला निजवून मोजतात, आणि ते माप उभ्या मापापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त येतं. हे माहीत नसलं की दुसऱ्या वाढदिवसानंतर वाढ खुंटल्याची उगाच काळजी लागते. दोघांसाठी दोन रंग, आणि प्रत्येक खुणेशी पूर्ण तारीख. मग चार वर्षांचा धाकटा आणि चार वर्षांचा थोरला एकाच पट्टीवर शेजारी उभे राहतात.

फोटोंचा घोळ दोन मुलग्यांच्या घरात ठरलेला. थोरल्याचा शर्ट दोन वर्षांनी धाकट्याच्या अंगात असतो, आणि फोटोत कोण आहे ते कपड्यांवरून ओळखायला गेलं की चुकतं. त्यात व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख राहत नाही. फाइलच्या नावातली तारीख ती पाठवल्याची किंवा मिळाल्याची असते. म्हणून आजी-आजोबांना जे जपायला द्यायचं ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं, त्यात तारीख आणि दर्जा दोन्ही टिकतात. व्हिडिओची वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत नोंदली जाते, त्यामुळे सुट्टीत भारतात आल्यावर पहाटे टिपलेला व्हिडिओ आदल्या दिवसात जाऊन बसू शकतो. फाइलचं नाव वर्ष, महिना, दिवस, मुलाचं नाव या क्रमाने ठेवलं की संगणक आपोआप ओळीने लावतो.

कागदांत सर्वांत नाजूक ते थर्मल, म्हणजे उष्णतेने छापले जाणारे कागद : सोनोग्राफीचं चित्र, पावत्या. उजेडाने आणि उष्णतेने ते पुसट होतात. ते टिकावेत म्हणून कुणी लॅमिनेट करायला जातं, आणि यंत्राच्या उष्णतेने संपूर्ण कागद काळा होतो. त्यांचा आधी फोटो काढावा, मग अंधाऱ्या थंड जागी ठेवावेत. मेणाच्या खडूंची चित्रं एकमेकांना चिकटतात, मध्ये बटर पेपर घालावा. स्केचपेनची चित्रं भिंतीवर लावली तर उन्हात विटतात. भिंतीवर प्रत लावावी, मूळ चित्र फाइलमध्ये. फाइलची पाकिटं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची असावीत, पीव्हीसी प्लास्टिकची कालांतराने कागदाला धरतात. फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहिलं की अक्षरं पुढून उमटतात.

साठवणुकीचा छायाचित्रकारांचा जुना नियम इथेही लागू : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. परदेशातल्या कुटुंबाला ते दुसरं ठिकाण आयतंच मिळालेलं असतं, आजी-आजोबांचं कपाट. प्रत्येक फेरीत नवी हार्ड डिस्क न्यावी आणि जुनी परत आणून भरावी. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली तर विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते. ती कपाटात वर्षानुवर्षं पडून राहू नये. वर्षातून एकदा जोडून दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. क्लाउडवरच्या खात्याची वेगळी भीती आहे : खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आधीच्या देशातला असतो, देश बदलताना तो बंद होतो, आणि मग ओटीपी येतच नाही. नंबर बंद करण्याआधी खात्यात नवा घालावा. गूगलचं वैयक्तिक खातं २ वर्षं उघडलंच नाही तर काढून टाकलं जाऊ शकतं, हेही आजोबांच्या नावाने खातं काढताना ध्यानात असावं.

मुलगे दोन आहेत, म्हणून डिजिटल संग्रहाच्या पूर्ण प्रतीही दोन कराव्यात. चित्रं, पत्रं, दुधाचे दात यांचं मूळ एकच असतं, तेव्हा ते ज्याचं त्याच्या खोक्यात, आत नाव-तारखेची चिठ्ठी घालून ठेवावं. एकाच खोक्यात टाकलेले दात पुढे कुणालाच ओळखता येत नाहीत. उंचीची पट्टी तेवढी दोघांची मिळून एक राहते. तिच्या शेजारी मोजपट्टी ठेवून टप्प्याटप्प्याने, कॅमेरा काटकोनात धरून फोटो काढून ठेवावेत, म्हणजे एकाकडे पट्टी गेली तरी दुसऱ्याला तशीच दुसरी करून घेता येईल.