गच्चीच्या अलीकडच्या पायऱ्या

आमच्या इमारतीत शेवटच्या मजल्यावरून गच्चीकडे जाणाऱ्या अकरा पायऱ्या आहेत. गच्चीला बहुतेक वेळा कुलूप असते, त्यामुळे त्या पायऱ्यांवर कोणाचे काही काम नसते. रंगाचा एक रिकामा डबा, कठड्याला टेकवलेली मोडकी शिडी आणि पश्चिमेकडचा झरोका, एवढाच तिथला संसार. एका वाईट वर्षी मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत असे.

दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोपेची आणि भुकेची घडी विस्कटली असेल, तर तो आजार असू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी त्याला आळस म्हणत राहिलो आणि स्वतःला बोल लावत राहिलो. अखेर डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच सोडू नका, असे बजावले. प्रश्न होता तो त्या मधल्या आठवड्यांचा.

तसा एक आसरा हाताशी होताच, तो म्हणजे अंथरूण. पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले की जगाचा आवाज बंद होतो खरा, पण मग आतले जाते अधिकच जोरात फिरू लागते आणि त्यात दळायला आपल्याशिवाय दुसरे काही नसते. खचलेला माणूस एकेक गोष्ट टाळत जातो, टाळल्यामुळे बरे वाटण्याचे उरलेसुरले प्रसंगही हातचे जातात आणि तो आणखी खचतो. म्हणूनच मानसोपचारात उमेद येण्याची वाट न पाहता आधी एखादी लहानशी कृती ठरल्या वेळी करायला सांगतात. माझ्या वाट्याला अकरा पायऱ्या आल्या. काही दिवस त्यासुद्धा फार वाटत.

झरोक्यातून चारच्या सुमारास एक कवडसा आत येई, तळहाताएवढा, कडेला किंचित फाटल्यासारखा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, हे शाळेत पाठ केले होते. तो सरकताना मात्र तिथे पाहिला. खालच्या पायरीवर पडलेला कवडसा हळूहळू उभ्या भागावर चढे, कडेपाशी मोडे आणि मग एकदम वरच्या पायरीवर पसरे. त्यात धुळीचे कण फिरत. हे पाहताना मला आनंद होत असे, असे म्हणणे खोटे ठरेल. फक्त तेवढा वेळ माझे लक्ष माझ्यावर नसे, आणि त्या दिवसांत ती चैन होती.

फ्रान्सचा निबंधकार मोंतेन्य याने १५७१ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, कामकाज सोडून आपल्या गढीच्या बुरुजात ग्रंथालय थाटले. जिवलग मित्राच्या मृत्यूचे दुःख त्याने वर्षानुवर्षे उरात बाळगले होते. दुकानामागे जशी एक खोली असते, तशी प्रत्येकाने पूर्णपणे आपली अशी एक मागची खोली राखावी, असे तो म्हणे. मला त्याची पुढची गोष्ट अधिक जवळची वाटते. १५८१ मध्ये हाच माणूस बोर्दो शहराचा महापौर झाला आणि ते काम त्याने चार वर्षे केले. बुरुजाला आत जायला दार होते, तसे बाहेर यायलाही होते. अंथरुणाला मला ते सापडत नव्हते.

पायऱ्यांनी मला बरे केले नाही. ते काम गोळ्यांनी आणि दर आठवड्याच्या बोलण्याने केले. शिवाय जगणेच नको, असे विचार मनात येऊ लागले, तर एकांताचा कोपरा उपयोगाचा नाही. तेव्हा कोणाला तरी हाक मारून जवळ बसवावे आणि तडक डॉक्टर गाठावा. एकदा तशी संध्याकाळ आली, तेव्हा मी पायऱ्या चढलो नाही, शेजारची बेल वाजवली.

आता तिकडे क्वचित जाणे होते. परवा सहज वर निघालो, तर खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा माझ्या पायरीवर गुडघ्यांत डोके घालून बसला होता. चपलांचा आवाज ऐकून त्याने वर पाहिले. “तुला कोणी सोबत हवे आहे का?” मी विचारले. त्याने थोडा विचार केला आणि सरकून जागा करून दिली. कवडसा अजून दुसऱ्याच पायरीवर होता.