नेकारच्या पलीकडची वाट

जर्मनीतील हायडलबर्गमध्ये हे माझे चौथे वर्ष, आणि गेले तीन हिवाळे मी जवळजवळ रोज एकाच वाटेने चालत आले आहे. नेकार नदीच्या उत्तर तीरावर, हायलिगेनबर्ग डोंगराच्या उतारावरून साधारण दोन किलोमीटरची ही वाट जाते. तिचे नाव फिलोझोफेनवेग, म्हणजे तत्त्वज्ञांची वाट. येथील विद्यापीठ 1386 सालचे आहे. पूर्वी कोणतीही विद्याशाखा घेण्याआधी विद्यार्थ्याला तत्त्वज्ञान शिकावे लागे, त्यामुळे सगळ्याच विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञ म्हणत आणि ही वाट त्यांच्या भटकंतीची, असे गावकरी सांगतात. थोरामोठ्यांपेक्षा शिकणाऱ्यांच्या नावाने असलेली वाट मला अधिक जवळची वाटते.

पहिल्या हिवाळ्यात मात्र मी चाललेच नाही. डिसेंबरच्या अखेरीस येथे सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे ऑफिसला जाताना अंधार आणि परततानाही अंधार. त्यातच जुने शहर कोनिगश्टूल डोंगराच्या उत्तर पायथ्याशी वसलेले असल्याने ऊन पडले तरी गल्ल्यांपर्यंत फारसे पोहोचत नाही. फेब्रुवारीपर्यंत माझी झोप पार विस्कटली होती आणि तपासणीत रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली आढळली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याबद्दल नव्हता. दिवसाउजेडी तुम्ही बाहेर किती वेळ असता, असे त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून बारा वाजता डबा खायचा आणि साडेबाराला निघायचे, असा नेम धरला. तांबड्या दगडाचा जुना पूल ओलांडला की समोरच श्लांगेनवेग, म्हणजे सर्पवाट, सुरू होते. उंच दगडी भिंतींमधून वळणे घेत, पायऱ्या चढत ती वर फिलोझोफेनवेगला मिळते. हा उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे खाली शहर सावलीत गारठलेले असताना वर ऊन असते. पूर्वी येथे द्राक्षमळे होते, आणि आजही अंजीर व बदाम या उबेत तग धरतात. येथील हिवाळी उन्हाने शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, त्यासाठी मला गोळ्याच घ्याव्या लागतात; परंतु डोळ्यांवर पडणारा दिवसाचा उजेड शरीराचे घड्याळ लावतो, आणि माझी झोप सर्वांत आधी सुधारली. शतपावली ही आमच्या घरी वडीलधाऱ्यांची सवय होती. चालताना स्नायू रक्तातील साखर थेट वापरतात, म्हणून जेवणानंतरचे चालणे इतके उपयोगी पडते, हे मला येथे येऊन समजले. दीड वर्षाने माझी साखर उंबरठ्याच्या अलीकडे आली. त्यात भात कमी केल्याचाही वाटा आहे.

रोज तीच वाट का, असे सहकारी विचारतात. दुसऱ्या आठवड्यात मलाही कंटाळा आला होता. पण वाट पाठ झाल्यावर पायांकडे लक्ष द्यावे लागत नाही आणि मन मोकळे होते, हा अनुभव मला नव्या वाटांवर कधी आला नाही. पुलावर असेपर्यंत डोक्यात सकाळचे काम आणि त्याची जर्मन वाक्ये चालू असतात. पायऱ्यांवर दम लागतो तेव्हा काहीच सुचत नाही. वर सपाटीला आले की थोड्या वेळाने जे बोलणे आतून सुरू होते ते मराठीत असते. दिवसभरात मराठी अशी ऐकू येण्याची ही एकच वेळ, म्हणून मी फोन खिशातच ठेवते.

दुसऱ्या हिवाळ्यात ते बोलणे बहुतेक भांडणाचे होते. फलटणजवळची आमची शेती विकायची, असे बाबांनी ठरवले होते आणि मला ते मान्य नव्हते. महिनाभर मी त्या चढावर मनातल्या मनात बाबांशी वाद घातला. याच सुमारास मला कळले की धनगरांच्या ओव्या, खंडोबा आणि बिरोबा यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेले गुंथर सोंथायमर याच शहरात, येथील दक्षिण आशिया संस्थेत, शिकवत होते. 1992 मध्ये त्यांचे निधन झाले. धनगरांचा देव समजून घ्यायचा तर त्यांच्याबरोबर चालले पाहिजे, म्हणून ते मेंढ्यांच्या कळपांमागे आपल्या माळरानांवरून हिंडले. आमच्या त्याच शेतात धनगर मेंढ्या बसवत, खताच्या मोबदल्यात त्यांना धान्य मिळे, आणि मी लहानपणी त्या माणसांना एक प्रश्नही विचारला नव्हता. जर्मनीतून कोणी तेथवर चालत गेले आणि मी बांधावर उभी राहूनही काही पाहिले नाही, याची खंत मला त्या वाटेवर बराच काळ पुरली. शेवटी कधीतरी लक्षात आले की शेतीवर हक्क सांगणारी मी तिला फारशी ओळखतच नव्हते, आणि जन्मभर ती ओळखणाऱ्या बाबांचे गुडघे आता तेथवरचा प्रवास सोसत नव्हते. मी त्यांना पत्र लिहिले. फोनवर मला ते बोलता आले नसते.

शेती विकली गेली. बाबा पुण्यात रोज संध्याकाळी पाच वाजता हनुमान टेकडीच्या पायथ्याशी, चढ टाळून, फिरायला जातात. हिवाळ्यात आमच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर असते. म्हणजे मी पूल ओलांडते त्याच वेळी ते घराबाहेर पडतात. चालताना आम्ही एकमेकांना फोन करत नाही. रविवारी बोलतो, आणि तेव्हा कोणाला वाटेवर काय दिसले ते सांगतो.

या फेब्रुवारीत वरच्या बागेजवळचा बदाम, पळसासारखाच, पाने येण्याआधी फुलला. फुले फिकट गुलाबी, आणि खालच्या शहरातील छपरांवर अजून हिमाचा पातळ थर होता. मी हे सांगण्याआधीच बाबांनी विचारले, "बदाम फुलला का गं? इथे पांगारा फुललाय."