दोन रिंगा

गाडी पहाटे पाचला भरायची होती आणि आदल्या संध्याकाळी मी तिच्याखाली आडवा पडलो होतो. माझ्या पिकअपचं ऑईल मीच बदलतो. दिवसभर ओझं ओढणारं इंजिन आहे. त्याच्या पोटातून काय निघतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढे गाडी निर्धास्त चालवता येते. ऑईल काळं निघालं म्हणून घाबरायचं नसतं. डिझेल इंजिनात काजळीमुळे ते लवकरच काळं पडतं. पाहायचं असतं ते वेगळंच. दुधट निघालं तर त्यात पाणी मिसळतंय. ऑईल मोजायच्या काडीवरची पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर इंधन ऑईलमध्ये उतरतंय. आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखाली ऑईल साठतं त्या भांड्याच्या, नटाला चकचकीत चुरा लागलेला दिसला, तर इंजिनात कुठेतरी धातू झिजतोय.

मागची ऑईलबदली मात्र माझ्या हातची नव्हती. लांबच्या फेरीत किलोमीटर भरले म्हणून वाटेतल्या एका गॅरेजात ती करून घेतली होती.

नेहमीप्रमाणे इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं. कोमट ऑईल पातळ होतं आणि गाळ सोबत घेऊन उतरतं. मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढून जॅकने गाडी उचलली आणि दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे गाडी पेलून धरणारे लोखंडी टेकू, दिल्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी डोकं घालत नाही, सोबतच्या पोरालाही घालू देत नाही. 17च्या रिंग पान्याने नट सैल केला, खाली घमेलं सरकवलं, ऑईल निथळू दिलं आणि नवा तांब्याचा वायसर घालून नट परत बसवला. इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं.

ऑईलचा फिल्टर काही हलेना. हाताने नाही, पट्ट्याच्या पान्यानेही नाही. मागच्या वेळी कोणीतरी तो पाना लावून कचकचीत आवळला होता, आणि बहुतेक त्याच्या तोंडावरच्या रबरी रिंगेला ऑईल न लावता, कोरडाच. शेवटी साखळी पाना लावला. पत्रा चेपला, माझं मनगट भरून आलं, आणि मग कट्‌ असा आवाज होऊन फिल्टर सुटला. मी तो घमेल्यात उपडा टाकला आणि सुटकेचा श्वास घेतला. चूक झाली ती याच क्षणी. इतका वेळ झगडून एखादी गोष्ट सुटली की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं आणि नजर पुढच्या कामाकडे जाते. त्या फिल्टरचं तोंड मी उलटून पाहिलंच नाही.

इंजिनावर फिल्टर जिथे टेकतो ती बैठक फडक्याने पुसली. फडकं गुळगुळीत फिरलं. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने ऑईल लावलं, रिंग टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवला आणि त्यापुढे पाऊण फेरा दिला. त्या पाऊण फेऱ्यात हाताला जरा मऊ लागलं होतं. तेव्हा ते जाणवलं, पण मी थांबलो नाही.

मोजून साडेसहा लिटर ऑईल ओतलं. पोराला स्टिअरिंगवर बसवलं. मी पुढच्या चाकाजवळ, पण गाडीच्या बाहेर, उकिडवा बसून बॅटरीचा झोत फिल्टरवर धरला. ऑईल बदलल्यावर पहिल्यांदा गाडी चालू करताना मी असाच बसतो.

इंजिन लागलं. फिल्टर रिकामा असल्याने ऑईलचा लाल दिवा दोन-तीन सेकंद राहतो, तसा राहिला.

"दादा, दिवा विझला," पोरगा वरून म्हणाला.

आणि तेवढ्यात फिल्टरच्या कडेतून ऑईल फेकलं गेलं. थेंब नव्हे, धारही नव्हे, पंख्यासारखा पसरलेला पडदाच. चाकावर, चॅसीवर, माझ्या बुटांवर. "बंद कर, बंद कर!" मी ओरडलो. त्याने किल्ली फिरवली. सगळं मिळून सहा-सात सेकंद झाले असतील. सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर ऑईल पडून धूर निघायला लागला. पोराने आग विझवायचं नळकांडं काढून हातात धरलं. सुदैवाने ते उघडावं लागलं नाही.

गाडी निवू दिली आणि नवा फिल्टर काढला. त्याची रिंग जागेवर होती. मग बॅटरी अगदी जवळ नेली आणि बैठकीवर नख फिरवलं. नख अडकलं. जुन्या फिल्टरची रिंग तिथेच चिकटून बसली होती. उष्णतेने भाजून कडक झालेली, चपटी, आणि इंजिनाइतकीच काळी. एका जागी ती बैठकीवरून सरकून बाहेर लोंबत होती. रबरावर रबर बसलं होतं. हाताने आवळताना फिल्टर बसल्यासारखा वाटतो, पण रिंगेला धरून ठेवणारी खाच फिल्टरच्या तोंडात असते, मागे राहिलेल्या जुन्या रिंगेला ती नसते. नवं ऑईल थंड आणि जाड असतं, त्यामुळे सुरुवातीलाच दाब चढतो आणि ती बाजूला ढकलली जाते. घमेल्यातला जुना फिल्टर उलटा केला. त्याची खाच रिकामी होती. सुटल्या सुटल्या दोन सेकंद पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं.

ती रिंग मी बराच वेळ हातात धरून बसलो. पोरगा तेवढ्यात हिशेब मांडत होता: रस्त्यावर सुटली असती तर? पंप बघता बघता चेंबर कोरडं करतो. लाल दिवा ऑईल कमी झालं म्हणून लागत नाही, दाब गेल्यावर लागतो. तो दिसून गाडी कडेला घेईपर्यंत बेअरिंगं खरवडली गेली असती. आणि मागून येणाऱ्या दुचाकीच्या चाकाखाली ते ऑईल आलं असतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

बैठक उघड्या बोटाने चाचपून कोरडी केली आणि फिल्टर परत चढवला. या वेळी पाऊण फेरा हाताला कडक लागला. दोन लिटर ऑईल वरून घालावं लागलं, म्हणजे तेवढं जमिनीवर गेलं होतं. त्यावर लाकडाचा भुसा टाकून भरून घेतलं. जळकं ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, ते पुनर्वापराला देतो, मातीत ओतत नाही. इंजिन पाच मिनिटं चालवलं. कडा कोरडी राहिली. पाइप आणि चॅसी पुसण्यातच रात्रीचे दहा वाजले.

झोपण्यापूर्वी फिल्टरखाली एक कोरा पुठ्ठा अंथरून ठेवला. पहाटे मी पोहोचलो तेव्हा पोरगा माझ्या आधीच येऊन तो ओढून काढत होता. बॅटरी लावून त्याने दोन्ही बाजू पाहिल्या, मला दाखवल्या. एकही डाग नव्हता. मी काडी काढून पातळी पाहिली आणि आम्ही माल भरायला घेतला.