चौदा आणे दुखणं

गेल्या महिन्यात एका बारशाला गेले होते. पाळण्याची गाणी झाली, घुगऱ्यांच्या वाट्या फिरल्या, आणि चुलतभावाची बायको शेजारी सरकून हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? पेशंटला खरंच दुखतंय की तो नाटक करतोय, हे तुम्हा सिस्टर लोकांना कसं ओळखू येतं?"

माझी सव्वीस वर्षं नोकरी झाली. हा प्रश्न मला एसटीत, हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत, सगळीकडे विचारून झालाय. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक ठरावीक माणूस असतो. वहिनींच्या मनात त्यांच्या सासूबाई होत्या, म्हणजे माझ्या काकू, ज्यांचे गुडघे आमच्या सगळ्या भावकीत प्रसिद्ध आहेत. बारशाच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून, वहिनी, आता सावकाश सांगते.

ओळखू येत नाही. एवढंच उत्तर आहे. दुखणं मोजायचं मशीन अजून आमच्या वॉर्डात आलेलं नाही. ताप थर्मामीटरवर दिसतो, साखर पट्टीवर दिसते, दुखणं कशावरच दिसत नाही. एकदम जोराचं दुखलं तर नाडी पळते, बीपी चढतं, घाम येतो, हे खरं. पण दुखणं लांबलं की शरीर सरावतं, आणि महिनोन्महिने कंबर धरून बसलेल्या माणसाचं बीपी तुमच्या-माझ्यापेक्षा छान निघतं. भेटायला आलेल्या पाहुण्यांशी हसतखेळत बोलणारा पेशंट पाहुणे गेल्यावर इंजेक्शन मागतो, तेव्हा आमच्या टेबलापाशी कुणीतरी हमखास म्हणतं, "बघितलं का, आत्ता तर हसत होता." हसत होता, कारण तासभर मन दुसरीकडे होतं. तो तास त्याला महाग पडतो, आणि त्याची वसुली पाहुणे गेल्यावर होते.

आमच्या अभ्यासात एक व्याख्या होती. मार्गो मॅककॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सनं 1968 मध्ये मांडलेली: ज्याला दुखतंय तो जे म्हणतो तेच दुखणं, आणि तो जेव्हा म्हणतो तेव्हा ते असतंच. परीक्षेत हा प्रश्न यायचा, मी तो पाठ करून गेले, मार्क घेतले आणि विसरले. ती व्याख्या खरी कळली ती नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, हाडांच्या वॉर्डात, एका रात्रपाळीला. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही.

संध्याकाळच्या सिस्टरनं ओव्हर देताना, म्हणजे पाळी सोपवताना, सांगितलं, "सात नंबर जरा नाटकी आहे, लक्ष देऊ नकोस फार." सात नंबरला बाविसेक वर्षांचा पोरगा, मोटारसायकलवरून पडून नडगीचं हाड मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. दहाला त्याला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं. बाराला तो पुन्हा ओरडायला लागला. मी पायाची बोटं पाहिली, गरम होती. घोट्यापाशी नाडी चाचपली, लागली. मी त्याला म्हटलं, "हाड मोडलंय तर दुखणारच ना दादा, थोडं सहन करा." माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण पुढे ते मी स्वतःलाच बऱ्याचदा ऐकवले.

दोनच्या सुमारास वॉर्डातल्या मावशी आल्या. म्हणाल्या, "सिस्टर, सात नंबर आता ओरडत नाहीये. नुसता घामानं निथळतोय." मी गेले आणि कुठंतरी वाचलेलं आठवून त्याच्या पायाचा अंगठा हलकेच खाली वाकवला. तो जे किंचाळला त्यानं सगळा वॉर्ड उठून बसला. मोडलेल्या हाडाच्या आसपास स्नायू सुजतात, आणि वरून प्लास्टर आवळलेलं असेल तर आतला दाब एवढा वाढतो की स्नायूंना रक्तच मिळेनासं होतं. मोठ्या धमनीतलं रक्त मात्र वाहत असतं, म्हणून बोटं गरम लागतात आणि नाडीही लागते. मी त्या नाडीवरच फसले होते. या अवस्थेची पहिली खूण एकच, मोडलेल्या हाडाच्या मानानं जास्तीचं दुखणं. म्हणजे ज्याला आम्ही नाटक म्हणत होतो तेच लक्षण होतं. रेसिडेंट डॉक्टर धावत आले, प्लास्टर कातडीपर्यंत उभं चिरलं, आणि पहाटेच्या आत त्याला थिएटरमध्ये नेऊन स्नायूंवरची आवरणं उघडली. पाय वाचला. अंगठा पूर्ण वर उचलता येत नाही तो नाहीच. असे स्नायू सहाएक तास उपाशी राहिले की मरायला लागतात, आणि त्यातले दोन तास माझ्या "सहन करा"त गेले होते.

तेव्हापासून ओव्हर देताना "नाटकी" हा शब्द मी वापरत नाही. वापरणारीला अडवते. ज्युनियर मुली मागून माझी नक्कल करतात हेही मला माहीत आहे.

मग फसवणारे नसतातच का? असतात. पेंटाझोसिन या वेदनाशामकाच्या इंजेक्शनाची चटक लागलेले, ऐन रात्री पोट धरून येणारे मी पाहिलेत. दोनतीनदा तरी मी पक्की फसले असेन. त्यात दर वेळी औषधाची एक कुपी, म्हणजे अँप्यूल, गेली, एवढंच. आणि व्यसन असलेल्या माणसाचंही हाड मोडतंच की, त्याच्या पोटातही खडा होतो. तेव्हा "खरं की खोटं" हा प्रश्न मी सोडून दिला. "कसं दुखतंय" एवढंच विचारते. या दुसऱ्या प्रश्नाला आपली भाषा जी उत्तरं देते ना, त्याला तोड नाही.

ठणका म्हणाला की मी पू शोधते. नखाच्या कडेला, गळवात, दाढेत. कळ म्हणाला की काहीतरी पिळवटतंय: मुतखडा, पित्ताची पिशवी, आतडं. मुतखड्याची कळ आलेला माणूस एका जागी ठरत नाही, खाटेवरून खाली, खालून वर, भिंतीला टेकून उकिडवा. याच्या उलट, पोटात आतडं फुटून जंतू पसरलेला माणूस लाकडासारखा पडून राहतो, आणि खाटेला तुमचा धक्का लागला तरी शिवी देतो. चमक, सणक, मुंग्या, आग, "करंट बसल्यासारखं" हे शब्द आले की बोट नसेकडे, म्हणजे नर्व्हकडे, जातं. तिथं पॅरासिटामॉल फारसं कामाचं नाही, त्याची औषधं वेगळी असतात, हे डॉक्टरांच्या कानावर घालायचं. शिवाय ठुसठुस आहे, हुळहुळणं आहे, उसण आहे, खुपणं आहे. कॅनडात रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये पेशंटांसाठी दुखण्याच्या शब्दांची प्रश्नावली केली, वीस गटांत 78 शब्द. ती पाहिली तेव्हा मला माझी आजी आठवली. तिच्याकडे ही यादी तोंडपाठ होती, आणि प्रत्येक शब्दाला एक लेपही.

कधीकधी "दुखतंय का" हाच प्रश्न चुकतो. हार्ट अटॅक आलेली बाई "नाही हो, दुखत नाही" म्हणते. तिला दुखत नसतंच. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत असतं, जीव घाबरत असतो, जबडा ओढत असतो. मधुमेह असेल तर तेवढंही नाही, नुसता घाम आणि थकवा. "दुखत नाही" असं लिहून पुढं जाणारीच्या हातून अशी बाई निसटते.

आकड्यांची पट्टी आम्हाला वापरावीच लागते. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. शिकलेल्या माणसाला ती जमते. पण एका ऐंशीच्या आजींना मी हे सगळं समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "दहा कसले बाई? रुपयात सांगू का? चौदा आणे दुखतंय." 1957 साली दशमान पद्धत आली, आणे गेले, पण दुखण्याच्या हिशोबातून ते अजून गेलेले नाहीत. चार आणे फरक, बारा आणे बरं, हे आपण सगळेच म्हणतो. मी चार्टवर 14/16 असंच लिहून ठेवलं. सकाळी राउंडला नव्या रेसिडेंटनं विचारलं, हे बीपी कुणाचं? गोळीनंतर तासाभरात त्या सहा आण्यांवर आल्या, आणि मला हवं होतं ते कळलं. एकाचं सात आणि दुसऱ्याचं सात यांची तुलना करण्यात अर्थ नाही. त्याच माणसाचं औषधाआधीचं आणि नंतरचं, एवढंच बघायचं. आणि हलताना विचारायचं, पडल्यापडल्या नाही. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस निश्चल पडून "ठीक आहे" म्हणतो, पण दुखेल या भीतीनं खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याला न्यूमोनिया होतो.

मुलांसाठी चेहऱ्यांची पट्टी असते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे. ती अमेरिकेतल्या टल्सा इथं भाजलेल्या मुलांबरोबर काम करताना तयार झाली. त्यातली गोम अशी, की "दुखतंय" म्हटलं तर सुई टोचतात हे मुलांना चांगलं कळतं. म्हणून मूल हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतं आणि पाय पोटाशी घेऊन पडून राहतं. तिथं पायांवर विश्वास ठेवायचा, आणि आईवर. व्हेंटिलेटरवरचा माणूस तर बोलूच शकत नाही. त्याच्या कपाळाच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, मशीनशी चाललेली झटापट, यांना गुण द्यायची पट्टी आहे.

आता औषधाचं. डॉक्टर कागदावर "एसओएस" लिहितात, म्हणजे लागलं तर द्या. लागलं का, हे ठरवणारी मी. तेव्हा माझी रात्र कशी चाललीय यावरही कुणाचं तरी दुखणं ठरतं, हे मान्य करायला हवं. पण इंजेक्शन भरण्याआधी मी चादर उचलून बघते. कमरेतून भूल दिलेला माणूस पोट दुखतंय म्हणून तळमळत असतो आणि मूत्राशय तट्ट फुगलेलं असतं. सलाईनचा हात सुजलेला असतो, पट्टी आवळलेली असते, उशी सरकलेली असते. यातलं काही सुईनं बरं होत नाही. ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास गोळी, ही साधी गोष्ट, पण ड्रेसिंगची ट्रॉली आणि गोळीची वेळ यांची गाठ घालून देणं हे एक स्वतंत्र काम आहे. आणि औषध दिल्यावर परत जाऊन विचारायचं, "आता किती?" आमच्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते हेच. देणं लिहिलेलं असतं, विचारणं लिहिलेलं नसतं.

गेली सात वर्षं मी कॅन्सरच्या पेशंटांबरोबर आहे. तिथं मॉर्फीन असतं, अफूपासूनचं जोरदार वेदनाशामक. डबल कुलपाचं कपाट, रजिस्टर, दर पाळीला मोजणी, रिकामी अँप्यूलसुद्धा हिशोबात. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं हे औषध मिळवण्याचे परवाने एवढे किचकट करून ठेवले होते की पुष्कळ हॉस्पिटलांनी नादच सोडला. 2014 च्या दुरुस्तीनं ते बरंच सुटसुटीत झालं. पण नातेवाइकांच्या मनातला कायदा अजून जुनाच आहे: मॉर्फीन म्हणजे शेवट. पहिल्या डोसानंतर पेशंट गाढ झोपतो आणि मुलगा घाबरून माझ्याकडे धावत येतो. मी त्याला शेजारी बसवून वडिलांचे श्वास मोजायला लावते, पूर्ण मिनिटभर. हाक मारली की डोळे उघडतात का तेही बघायला सांगते, कारण औषध जास्त झालं तर श्वास मंदावण्याआधी माणूस जास्त पेंगुळतो. बहुतेक वेळा ती झोप आठवड्याभराची थकबाकी असते. आणि जुलाबाची गोळी पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फीननं बद्धकोष्ठ होतंच, आणि नंतर त्याचंच दुखणं वेगळं निस्तरावं लागतं.

एका आजोबांचं दुखणं रोज रात्री दहानंतर वाढायचं. डोस वाढवून पाहिला, फरक नाही. एकदा मी विचारलं, "दहा वाजता काय होतं?" म्हणाले, "दिवे जातात." झोपेत गेलो तर कुणाला कळणार नाही, ही धास्ती होती त्यांना. त्यांच्या डोक्यावरचा दिवा चालू ठेवला. दुखणं गेलं नाही, पण रात्रीचा जादा डोस मागणं बंद झालं.

तर वहिनी, काकूंचं खरं की नाटक, ते मी इथून सांगणार नाही. त्यांना एवढंच विचारा म्हटलं होतं, की जिना चढताना दुखतं की उतरताना, सकाळी जास्त की संध्याकाळी, आणि रुपयात किती. वहिनींचा परवा फोन आला. उतरताना, संध्याकाळी, बारा आणे. शिवाय काकू दुकानातून दुखण्यावरची कुठलीशी गोळी आणवून दोन वर्षं रोज खातायत, हेही निघालं. काकूंना बीपीचं औषध चालू आहे, आणि अशा कितीतरी गोळ्या बीपी चढवतात, मूत्रपिंडालाही त्रास देतात. मी म्हटलं, आधी त्या पाकिटाचा फोटो पाठवा, आणि डॉक्टरांकडे जाताना पाकीट बरोबर घेऊन जा.

फोटो अजून आलेला नाही. काकूंनी पाकीट लपवलंय म्हणे.