बाउरलची टाकी आणि वांद्र्याचं मैदान

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून बाउरलला जायला साधारण दोन तास लागतात. वाटेत कॅम्बेलटाउनला गाडी बदलली, विषय नाही बदलला: ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात भारी क्रिकेट संघ कोणता? भाच्याचं उत्तर तयार होतं. "मामा, स्टीव्ह वॉचा. सलग सोळा कसोट्या जिंकल्या!" मी महान फलंदाज डॉन ब्रॅडमनच्या १९४८च्या संघावर अडून बसलेलो. इंग्लंडच्या अख्ख्या दौऱ्यात ३४ सामने आणि हार एकही नाही.

बाउरल टुमदार गाव. ब्रॅडमन ओव्हल आपल्या डोक्यातल्या ब्रॅडमनपेक्षा बरंच लहान निघालं, शेजारीच संग्रहालय. ब्रॅडमन जन्मला कूटामंड्राला, वाढला इथे. शेफर्ड स्ट्रीटवरच्या घरामागे पाण्याची टाकी होती. तिच्या विटांच्या गोल बैठकीवर हा पोरगा गोल्फचा चेंडू आपटायचा आणि वेडावाकडा परत आला की स्टंपने टोलवायचा. आमच्या सोसायटीच्या टाकीवर मीही हे केलंय. मला वॉचमनच्या शिव्या मिळाल्या, त्याला ९९.९४ची सरासरी.

तिथेच भाच्याने माझी दांडी उडवली. १९४८ला इंग्लंडमध्ये ५५ षटकांनीच नवा चेंडू मिळायचा. त्याचे वेगवान गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर जरा दम खाऊन पुन्हा नव्या चेंडूने तुटून पडायचे. समोरचं इंग्लंड युद्धातून नुकतंच सावरत होतं, रेशनवर जगत होतं. मुद्दा बिनतोड होता, पण मी त्याच दौऱ्यातली लीड्सची कसोटी काढली. शेवटच्या दिवशी ४०४ हव्या होत्या. मॉरिस १८२, चाळिशीला टेकलेला ब्रॅडमन नाबाद १७३, आणि सामना सात गडी राखून खिशात. त्याला कसला आलाय नवा चेंडू?

खरं सांगायचं तर, नुसतं जिंकणं बाजूला ठेवलं तर माझा जीव सत्तरच्या दशकातल्या इयान चॅपेलच्या पोरांवर आहे. लिली, थॉमसन, यष्टींमागे मार्श. मैदानं भरत होती, खेळाडूंच्या हाती मात्र चणेफुटाणे. चॅपेल बोर्डाकडे पैसे मागायचा आणि त्या बोर्डात वजन कुणाचं, तर ब्रॅडमनचं. गंमत अशी की वर्तमानपत्रात लिहिण्याच्या हक्कावरून १९३२मध्ये हाच ब्रॅडमन बोर्डाशी भांडला होता. पुढे १९७७मध्ये टीव्ही चॅनेलचा मालक केरी पॅकरने जास्त पैसे देऊन स्वतःच्या स्पर्धेसाठी खेळाडू उचलले. रात्रीचं क्रिकेट, पांढरा चेंडू, रंगीत कपडे हे सगळं त्या भांडणाने रुजवलं. आज आयपीएल बघताना चॅपेलची आठवण कुणाला येते?

परतीच्या गाडीत भाचा पुन्हा वॉवर आला. ब्रॅडमन गेला २५ फेब्रुवारी २००१ला आणि दोनच दिवसांनी वानखेडेवर वॉच्या संघाने कसोटी सुरू केली. तीन दिवसांत आपला खुर्दा. तो सोळावा विजय. सतरावा ईडन गार्डन्सवर लक्ष्मण, द्रविड आणि हरभजनने होऊ दिला नाही. पाँटिंगच्या संघाचीही गाडी सोळावरच अडली, २००८ला पर्थमध्ये, तीही आपणच अडवली. "आणि सव्वीस कुणाचे?" मी विचारलं. भाचा गप्प. मेग लॅनिंगचा ऑस्ट्रेलियन महिला संघ, सलग २६ एकदिवसीय विजय. २०२१मध्ये मकायला तीही घोडदौड रोखली भारतानेच, मिताली राजच्या संघाने.

दुसऱ्या दिवशी सिडनी क्रिकेट ग्राउंडला गेलो. स्टीव्ह वॉच्या पुतळ्यापाशी भाच्याने भरपूर फोटो काढून घेतले. मी बेलिंडा क्लार्कच्या पुतळ्यापाशी थांबलो. एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक हिचं, नाबाद २२९, डेन्मार्कविरुद्ध. सचिनच्या ग्वाल्हेरच्या दोनशेच्या बारा वर्षं आधी.

"कुठे मारले?" भाच्याने विचारलं.

वांद्र्याला, एमआयजीच्या मैदानावर, १६ डिसेंबर १९९७. तेव्हा आम्ही कलानगरला राहायचो. मैदान चालत दहा मिनिटांवर, तिकिटासाठी मारामारी असण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्या दिवशी घरी होतो आणि मॅच आहे हेच मला माहीत नव्हतं.