बालाघाटाच्या माथ्यावरून सायकलने : जामखेड ते येरमाळा

जामखेडहून निघून बालाघाटाच्या माथ्यामाथ्याने नळदुर्गापर्यंत सायकलने जायचे, असा संकल्प गेल्या पावसाळ्यात केला होता. त्यातला येरमाळ्यापर्यंतचा भाग आता पूर्ण झाला आहे. पुण्याकडचे आपण बहुतेक सायकलस्वार सवयीने सह्याद्रीचे घाट आणि कोकणपट्टी गाठतो. मराठवाड्यात कोणी गेलेच तर तुळजापूर किंवा अंबाजोगाईचे दर्शन घेऊन त्याच रस्त्याने परततो. सामान लादून लांबचा प्रवास करणाऱ्याला मात्र हा दुर्लक्षित डोंगरभाग फार सोयीचा आहे, असे माझे मत प्रत्येक टप्प्यागणिक पक्के होत गेले आहे.

हरिश्चंद्रगडाच्या बाजूने निघालेली ही रांग आग्नेयेकडे जाताना उंची सोडत जाते आणि अहिल्यानगर जिल्हा ओलांडेपर्यंत तिचे रूपांतर सपाट माथ्याच्या टेकड्यांत होते. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 515 मीटरवर आहे आणि त्याच्या दक्षिणेचा माथा काही ठिकाणी 800 मीटरच्या आसपास पोहोचतो. ही सगळी उंची कडेच्या घाटांत एकदाच चढायची असते. वर आल्यावर रस्ता लांबलचक, सौम्य चढउतारांनी पुढे सरकतो. एका उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाच्या निम्म्यापर्यंत पुरतो आणि हा ताल सापडला की भरलेल्या पिशव्यांचे ओझे जाणवेनासे होते.

मार्ग ठरवताना मी गावांच्या यादीपेक्षा पाणलोटाची रेषा, म्हणजे पावसाचे पाणी दोन नद्यांकडे विभागणारा माथा, समोर ठेवली. सौताड्याला विंचरणा नदी खोल घळीत कोसळते, खाली रामेश्वराचे मंदिर आहे, आणि ते पाणी पुढे जामखेडवरून सीनेला व सीनेतून भीमेला जाते. त्याच पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते, ती मात्र सातशेहून अधिक किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. उत्तरेकडची सिंदफणाही गोदावरीचीच. थोडक्यात, पाटोद्याच्या आसपास डोंगराला दोन फाटे फुटतात आणि त्यांच्या मधोमध मांजरेचे खोरे पडते. उत्तरेचा फाटा मांजरसुंबा, नेकनूर, धारूर असा अंबाजोगाईकडे जातो, तर दक्षिणेचा फाटा खर्ड्याच्या बाजूने कुंथलगिरी, वाशी, येरमाळा असा वळतो. 1795 च्या मराठे-निजाम लढाईचे खर्डा ते हेच.

पाणलोटाचा आग्रह धरण्यामागे जमिनीचे कारण आहे. माथ्यावरची माती उथळ आणि मुरमाड असल्यामुळे पाऊस थांबून एक दुपार कोरडी गेली की कच्चा रस्ता चालू लागतो. खोऱ्यात उतरलात की काळी जमीन सुरू होते. ती ओली असताना टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरणेच बंद होते आणि काडीने माती उकरत थांबावे लागते. म्हणून सप्टेंबरमध्ये कच्च्या रस्त्याने जायचे असेल तर माथा सोडू नये, हे मी या भागात जाणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

जामखेड ते पाटोदा हा पहिला टप्पा सकाळच्या वेळी करावा. सौताड्याचा चढ सावलीत संपतो आणि घळीत पायऱ्यांनी उतरून धबधबा पाहायला वेळ मिळतो. पाटोद्याच्या परिसरात नायगाव मयूर अभयारण्य आहे. 1994 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 30 चौरस किलोमीटरचे, खुरट्या झाडीचे आहे, आणि मोर तिथे दिसण्याआधी ऐकू येतात. सायकलला आवाज नसल्यामुळे रस्त्यालगतच्या बाभळीखाली चरणारा लांडोरींचा थवा अगदी जवळ जाईपर्यंत उठला नाही. मोटारीतून जाणाऱ्याला हे दर्शन मिळणे अवघड आहे.

पाटोद्यापासून मांजरसुंब्यापर्यंत पवनचक्क्या सोबत करतात. वाऱ्याचा अंदाज घ्यायला त्यांच्याइतके भरवशाचे साधन नाही, कारण चक्कीचे तोंड नेहमी वाऱ्याच्या दिशेला वळलेले असते. सप्टेंबरमध्ये त्या सगळ्या पश्चिमेकडे तोंड करून उभ्या होत्या आणि पूर्वेकडे जाणाऱ्या मला पाठीवर वारा मिळत होता. नोव्हेंबरपासून वारा ईशान्येचा होतो, तेव्हा हाच रस्ता उलट दिशेने, मांजरसुंब्याहून जामखेडकडे करावा. मांजरसुंब्याजवळचे कपिलधार चुकवू नये. वीरशैव संत मन्मथस्वामींच्या समाधीचे हे स्थान दरीत, धबधब्याशेजारी आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरहून पायी दिंड्या येतात, त्या दिवसांत रस्ता चालणाऱ्यांचा असतो आणि सायकल बाजूला घेऊन थांबणेच योग्य.

मांजरसुंब्याहून दक्षिणेच्या फाट्यावर जाण्यासाठी चौसाळ्यामार्गे उतरून मांजरा ओलांडावी लागते. येथे राष्ट्रीय महामार्ग 52 पूर्णपणे टाळता येत नाही. रुंद कडेपट्टी असली तरी ट्रकांची वर्दळ मोठी आहे, म्हणून हा भाग मी पहाटे उरकला. मांजरेचे पात्र येथे फारसे रुंद नाही. याच नदीवरचे धनेगावचे धरण कोरडे पडले आणि 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही आठवण ठेवून या प्रदेशात पाण्याचे नियोजन करावे. माथ्यावरच्या वस्त्या आणि तांडे विखुरलेले आहेत, मधले हापसे फेब्रुवारीनंतर भरवशाचे राहत नाहीत. मी चार लिटर पाणी कायम भरलेले ठेवतो.

सरमकुंडी फाट्यावर पेढ्यांची दुकाने ओळीने लागतात. कुंथलगिरी हे देशभूषण-कुलभूषण या मुनींचे निर्वाणस्थान म्हणून जैनांचे सिद्धक्षेत्र आहे, आणि आचार्य शांतिसागरांनी 1955 मध्ये येथेच सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे जैन व्रत, घेतली. भूम-वाशीच्या या पट्ट्यात पावसाच्या भरवशाची शेती अपुरी पडते, म्हणून दुधाचा जोडधंदा आणि त्यातून खव्याच्या भट्ट्या वाढल्या. एका भट्टीवर बराच वेळ थांबलो. कढईच्या कडेला धरलेली साय उलथन्याने सतत खरवडून मध्ये ढकलली जात होती, हात क्षणभर थांबला तरी तळ लागतो. आटत आलेल्या दुधाचा गोळा उलथन्यावर उचलून, तो सुटतो कसा हे पाहून भट्टीवाल्या मामांनी कढई उतरवली. गरम खवा भाकरीबरोबर खाऊन पुढचा चढ मी समाधानाने चढलो.

ऑक्टोबरमध्ये याच रस्त्यांवर सीताफळांच्या पाट्या दिसतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याची झाडे अशाच खडकाळ उतारांवर, निगराणीशिवाय वाढतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रॅक्टर संसारासह रस्त्याला लागतात. त्यांच्यामागे घाई न करता जावे. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला लहान मुले बसलेली असतात.

सायकलीत या टप्प्यांदरम्यान दोन बदल केले. पुढच्या चेनरिंग, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकत्या, आता 46 आणि 30 दातांच्या असून मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, 11 ते 34 दातांची आहे, त्यामुळे घाटात बसूनच पायडल मारता येते. दुसरा बदल टायरचा. 32 मिलिमीटरऐवजी 38 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, छिद्र आतून बुजवणारा द्रव म्हणजे सीलंट भरून, बसवले, कारण येथे बाभळीच्या काट्यापेक्षा सराट्याचा त्रास अधिक आहे. जमिनीलगत पसरणाऱ्या या वेलीचे टणक काटेरी फळ टायरमध्ये घुसून तुटते आणि टोक आतच राहते. सीलंट असेल तर ते लगेच उपटू नये. मुक्कामी पोहोचल्यावर चिमट्याने काढून, छिद्र खाली येईल असे चाक फिरवून ठेवले की रात्रीत ते बुजते.

तेरखेड्याच्या परिसरात तेरणेचा उगम आहे, आणि येरमाळ्याला येडेश्वरी देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी हा भाग मी थांबवला. पुढे येडशीचा रामलिंग घाट, धाराशिव, तुळजापूर आणि नळदुर्ग उरले आहेत. रामलिंगाबद्दल मला विशेष उत्सुकता आहे, कारण बार्शी लाइट रेल्वेची 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची गाडी याच घाटाने बार्शीहून येडशीला चढत असे, आणि रेल्वेला झेपलेला चढ सायकललाही झेपतो. त्या जुन्या मार्गाचा कोणता भाग आज चालण्याजोगा आहे, हे आधी पायी फिरून पाहीन. हा टप्पा दक्षिणेकडे जाणारा असल्यामुळे हिवाळ्यातला ईशान्येचा वारा डावीकडून आणि थोडा पाठीमागून मिळेल, म्हणून निघण्यासाठी डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ठरवला आहे. नळदुर्ग किल्ल्याच्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालावरून बोरी नदीचे पाणी पडताना पाहायचे तर पावसाळाच गाठावा लागतो, तेव्हा तो एवढा तुकडा तुळजापूरहून वेगळा, पुढच्या ऑगस्टमध्ये करीन.